गाडीचं हिरवं कूलंट, पिण्याच्या पाण्याच्या पाइपात?

परवा संध्याकाळी धाकट्या दिरांचा फोन आला. ते मिनेसोटात असतात, आम्ही मिशिगनमधे, आणि आमचं बघून यंदा त्यांनीही एक जुनी मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, घेतलीय. म्हणाले, "वहिनी, हिरवं चालेल ना? गॅरेजमधे दीड गॅलन पडूनच आहे." मला वाटलं रंगाबिंगाचं काही विचारतायत. तर हिरवं म्हणजे कारच्या रेडिएटरचं कूलंट, आणि ते ओतायचं होतं मोटरहोमच्या पाण्याच्या लायनीत, ज्या लायनीच्या नळावर त्यांची चार वर्षांची मुलगी दात घासते आणि निम्मं पाणी पिऊन टाकते. म्हटलं भाऊजी, हातातलं आधी खाली ठेवा, कोणी सांगितलं हे? तर, "फॉरवर्ड आलाय ना."

रात्रीपर्यंत तो फॉरवर्ड मलाही दोन ग्रुपवरून आला. मराठीत आहे, वर बर्फातल्या गाडीचा फोटो, आणि सूर असा की डीलर तुम्हाला लुटतात. त्यात म्हटलंय काय, तर गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ (मोटरहोमसारख्या गाड्यांच्या लायनीत थंडीत भरायचं द्रव) हा धंदा आहे, कारचं कूलंट तेच काम करतं, वसंतात धुऊन टाकलं की झालं. ते नसेल तर काच धुवायचं निळं पाणी, व्होडका किंवा मीठ घाला. नव्या गाड्यांत पेक्स नावाच्या लवचिक प्लास्टिकचे पाइप असतात, ते फुटतच नाहीत. नुसती टाकी रिकामी केली तरी पुरतं. आणि शेवटी, गुलाबीवर उणे ५० लिहितात पण घरच्या फ्रीझरमधे ते गोठतं, म्हणजे फसवणूक सिद्ध.

ज्यांच्याकडे ही भानगड नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटरहोममधे पाण्याची टाकी, छोटा पंप, गीझर, नळ, शॉवर, टॉयलेट सगळं असतं, आणि हिवाळ्यात ती चार-पाच महिने बाहेर बंद उभी असते. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. त्यामुळे थंडीच्या आधी लायनीतलं पाणी काढून तिथे पाइप न फोडणारं काहीतरी भरून ठेवायचं, याला विंटराइज करणं म्हणतात. एवढंच.

आता हिरवं. "तेच काम करतं" हे फक्त न गोठण्यापुरतं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. कारच्या कूलंटमधे बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं, आणि चांगल्या गुलाबीत प्रॉपिलीन ग्लायकॉल. नावं भावंडांसारखी, पण प्रॉपिलीनवालं खाण्याच्या पदार्थांतसुद्धा वापरतात आणि इथिलीनवालं विष आहे. त्यातून ते चवीला गोड. कुत्री ते चाटून मरतात हे इथल्या कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरला विचारा. पोटात गेलं की शरीर त्याचं ऑक्झॅलिक ॲसिड बनवतं आणि मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक साचतात. अळू नीट शिजलं नाही की घसा खवखवतो ना, तो याच कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांनी. घशात टोचलं तर आपण चिंच घालून भागवतो, किडनीत टोचलं तर कुठली चिंच घालणार?

"वसंतात धुऊन टाकलं की झालं" हे वाक्य ज्याने लिहिलं त्याने आयुष्यात गीझरचा ड्रेन प्लग, म्हणजे पाणी सोडायचं बूच, उघडलेला नाही, पैज लावते. प्लग टाकीच्या अगदी तळाला नसतो, जरा वर असतो, म्हणून खाली थोडं राहतंच. पंपाच्या गाळणीत राहतं, बाहेरच्या शॉवरच्या आंधळ्या फांदीत राहतं, फ्लश करताना तो एखादा नळ सोडायचा राहिला की राहतंच राहतं. आणि कोणी म्हणेल आम्ही पाणी उकळून पितो, तर इथिलीन ग्लायकॉल उकळतं १९७ डिग्री सेल्सियसला, म्हणजे चहाचं पाणी आटेल आणि हे मागे बसून राहील.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या साप्ताहिकात १९८७ सालची नोंद आहे, नॉर्थ डकोटातल्या एका खेड्यातल्या फायर हॉलमधे कार्यक्रम होता, तिथल्या पाण्यात कालवलेलं सरबत पिऊन मुलं आजारी पडली. हीटिंग सिस्टीममधलं अँटीफ्रीझ त्या पाण्यात उतरलं होतं, तेच हे इथिलीन ग्लायकॉल. कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. म्हणजे दोन वेगळ्या सिस्टीम असताना हे झालं, आणि आमचे फॉरवर्डवाले सांगतायत की थेट पिण्याच्याच लायनीत ओता! मुंबईकरांना तर या घराण्याची ओळख करून द्यायलाच नको, जेजे हॉस्पिटलमधे १९८६ साली ग्लिसरीनमधून १४ पेशंट गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला, त्या ग्लिसरीनमधे डायइथिलीन ग्लायकॉल होतं, याचंच चुलत भावंड. आणि हे सगळं कशासाठी, तर गुलाबी गॅलनमागे पाच-सात डॉलर वाचवायला, आणि लागतात दोन-तीन गॅलन.

काच धुवायच्या निळ्या पाण्यात मिथेनॉल असतं. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, त्यातलं मिथेनॉल. पुढे बोलायची इच्छा नाही.

व्होडकाचं मात्र हसू आलं. नेहमीची ४० टक्केवाली व्होडका उणे २७ सेल्सियसच्या आसपास गोठते हे बरोबर, पण लायनीत उरलेल्या पाण्यात मिसळली की त्याहून कमी थंडीतच गोठते, मिनेसोटाच्या जानेवारीत तर नाहीच टिकत, शिवाय गॅसची शेगडी असलेल्या गाडीत गॅलनभर दारू कोण भरून ठेवतं? गंमत म्हणजे इथिलीन ग्लायकॉल पोटात गेलेल्या पेशंटला ठरलेलं औषध हाताशी नसेल तर डॉक्टर अल्कोहोलच देतात उतारा म्हणून, तेव्हा फॉरवर्डवाल्याने विष आणि उतारा एकाच मेसेजमधे दिलाय, हे क्रेडिट द्यायला हवं. मिठाचं म्हणाल तर लहानपणी पॉट आइस्क्रीम ज्यांनी हँडल मारून केलंय त्यांना माहितीये की मिठाने बर्फ आणखी गार होतो, पाणी गोठायचं लांबतं. पण त्या पॉटच्या बाहेरचा पत्रा आठवा कसा गंजलेला असायचा. तेच मीठ चार महिने पितळी फिटिंगमधे आणि गीझरच्या स्टीलच्या टाकीत ठेवायचं?

पेक्सचं अर्धं खरं आहे. पेक्सचा पाइप ताणला जातो, तांब्यासारखा पटकन उभा चिरत नाही. पण पाइपाला जोडलेल्या गोष्टी पेक्सच्या नसतात ना. प्लास्टिकचे एल्बो, नळाची बॉडी, टॉयलेटचा व्हॉल्व्ह, पंपाचं डोकं, हे सगळं कडक. आमच्या पहिल्या वर्षी मी सगळं केलं आणि बाहेरच्या अंगाला जो शॉवर असतो तो विसरले. एप्रिलमधे पंप चालू केला, सगळे नळ छान, पण पंप थांबेचना. नळ बंद असताना पंप घुरघुरतोय म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. शेवटी टॉर्च घेऊन पलंगाखाली आडवी झाले तेव्हा दिसलं, शॉवरच्या मिक्सरला केसाएवढी चीर, त्यातून पाण्याचा बारीक पंखा उडतोय आणि खालचा प्लायवूड भिजून फुगलेला. मिक्सर स्वस्तात आला, फळी बदलायला दोन वीकेंड गेले. पाइपाला काहीही झालं नव्हतं, फॉरवर्डवाले जिंकले.

टाकी रिकामी केली की पुरतं म्हणणाऱ्यांनी एकदा लो पॉइंट ड्रेन, म्हणजे लायनीच्या सगळ्यात खालचं पाणी सोडायचं तोंड, उघडल्यावरही पंपात किती पाणी निघतं ते बघावं. कॉम्प्रेसरने हवा मारून लायन कोरडी करणारे बरेच आहेत आणि ती पद्धत चांगली आहे, वाद नाही, फक्त दाब ३०-४० पीएसआयच्या वर नेऊ नका, आणि सिंकखालच्या वाकड्या पाइपात, शॉवरच्या ट्रॅपमधे पेलाभर गुलाबी तरीही ओतावंच लागतं, तिथलं पाणी हवेने जात नाही.

राहिलं उणे ५०. इथे मला नाइलाजाने मान्य करावं लागतंय की लेबल फसवं वाटतं. तो आकडा फॅरनहाइटमधला आहे आणि तो पाइप न फुटण्याचा आहे, न गोठण्याचा नाही. त्याच्या कितीतरी आधी गुलाबीचा भुसभुशीत गोळा होतो, बर्फगोळ्याच्या बर्फासारखा, पण तो दगडासारखा घट्ट होऊन पाइपाला रेटत नाही. म्हणून फ्रीझरमधली बाटली घट्टशी दिसली तरी काही सिद्ध होत नाही. त्यात पाणी मात्र अजिबात मिसळू नका, तो आकडा न मिसळलेल्याचा आहे. आणि बाटली फिरवून मागचं वाचा, काही स्वस्त गुलाबीत अल्कोहोल असतं, ते पेट घेतं आणि रबराचे सील कोरडे करतं. प्रॉपिलीन ग्लायकॉल लिहिलेलंच घ्या.

डीलर या कामाचे शंभराच्या वर घेतात हेही खरं, म्हणून तर स्वतः करायचं. फिल्टर काढा, टाकी आणि गीझर रिकामा करा, गीझरचा बायपास (गीझरला वगळून पाणी नेणारा व्हॉल्व्ह) फिरवा नाहीतर सहा गॅलन गुलाबी त्याच्याच पोटात जाईल, पंपाची नळी बाटलीत सोडा आणि लांबचा-जवळचा प्रत्येक नळ, गरम आणि गार दोन्ही, रंग येईपर्यंत. टॉयलेटपण. बाहेरचा शॉवरपण! दुपारभराचं काम आहे.

शनिवारी भाऊजींनी तीन गॅलन गुलाबी आणलं आणि मी व्हिडिओ कॉलवर. गीझर दोन दिवस बंद होता, तरी प्लग काढायच्या आधी गरम नळ उघडून दाब सोडा, असं तीनदा सांगितलं. उघडला नाही. प्लग सुटला तो धारेसकट, बूट, मोजे, गुडघ्यापर्यंत पँट, आणि बाहेर ३४ फॅरनहाइट. मग निमूटपणे मी सांगीन तसं केलं. बाथरूमचा नळ आधी फसफसला, मग फिकट आणि मग एकदम गडद गुलाबी झाला, तेव्हा मुलगी येऊन बघत होती. "बाबा, हे सरबत आहे?" ते नाही म्हणेपर्यंत तिचं बोट धारेत बुडून तोंडात गेलंही होतं.