पेट्रोलचा हिशेब ठेवू नका म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सुट्ट्या जवळ आल्या की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यात म्हटलेलं असतं ते थोडक्यात असं: "घरच्यांना घेऊन लांबच्या प्रवासाला निघालात की पेट्रोल-डिझेलचा हिशेब ठेवत बसू नका. ॲव्हरेज गाडीचा डिस्प्ले दाखवतोच. शेवटी एकूण किती पैसे गेले ते बघा, किलोमीटरने भागा, झालं. आधी बजेट काढायचं असेल तर कंपनीच्या ॲव्हरेजमधून दहा टक्के वजा करा. खरी बचत हवी असेल तर पहाटे टाकी भरा, उतारावर गाडी न्यूट्रलला टाका, एसी बंद ठेवा. आकडेमोड करून सहलीची मजा घालवू नका."

सोपा आहे, सुटसुटीत आहे, म्हणून लोक पुढे पाठवतात. पण यातली बरीचशी विधानं चुकीची आहेत आणि एक तर धोक्याचं आहे.

डिस्प्लेपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त विश्वास त्याच्यावरच असतो. डिस्प्लेवरचा आकडा पेट्रोल मोजून आलेला नसतो. इंजेक्टर, म्हणजे इंजिनात इंधन फवारणारे नोझल, किती वेळ उघडे राहिले यावरून गाडीचा संगणक किती इंधन गेलं असेल याचा अंदाज बांधतो आणि अंतराला त्याने भागतो. अंदाज चांगला असतो, पण बऱ्याच गाड्यांमध्ये तो गाडीच्या बाजूने झुकलेला असतो. डिस्प्ले लिटरला १७ किमी म्हणतो आणि टाकी भरताना हिशेब १६ निघतो, असं सर्रास होतं. शिवाय तो आकडा कधीपासूनचा आहे? काही गाड्यांत टाकी भरली की तो आपोआप शून्य होतो, काहींत कोणी रीसेट करेपर्यंत महिनोन्‌महिने चालू राहतो. तसं असेल तर घाटात दिसणाऱ्या ॲव्हरेजमध्ये रोजचं ऑफिसला जाणं-येणंही मिसळलेलं असतं.

याचा अर्थ डिस्प्ले निरुपयोगी आहे असं नाही. ताशी ८० ने जाताना काय दाखवतो आणि १०० ने जाताना काय, ही तुलना त्याच्यावर छान करता येते. हिशेब मात्र टाकी ते टाकीच करायला हवा.

तो असा. निघण्यापूर्वी टाकी फुल करायची. पंपाचा नोझल पहिल्यांदा 'टक्' करून बंद झाला की थांबायचं, हा पहिला कट. "अजून थोडं बसेल" म्हणून वरपर्यंत भरायचं नाही, कारण ते 'थोडं' दर वेळी वेगळं असतं, आणि टाकीत वाफेसाठी जागा ठेवलेली असते तीही त्याने भरते. ओडोमीटरचं, म्हणजे एकूण किलोमीटर दाखवणाऱ्या मीटरचं, रीडिंग लिहायचं. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरायचं, लिटर आणि रीडिंग लिहायचं. मधलं अंतर भागिले आत्ता भरलेले लिटर, हे खरं ॲव्हरेज.

चूक होते ती अर्धवट भरण्यात. समजा फुल टाकी केली तेव्हा रीडिंग ४२,३१० होतं. ४२,५६० ला घाईत १५ लिटर टाकले. ४२,८९५ ला पुन्हा फुल केली, २४ लिटर बसले. पुष्कळ जण २५० भागिले १५ करून १६.७ काढतात आणि खूश होतात, मग ३३५ भागिले २४ करून १४ काढतात आणि गाडीला काय झालं म्हणून काळजीत पडतात. दोन्ही आकडे खोटे आहेत. फुल ते फुल अंतर ५८५ किमी, मधले सगळे लिटर मिळून ३९, म्हणजे ॲव्हरेज १५. वहीत त्या पंधरा लिटरपुढे 'अर्धवट' एवढा एक शब्द लिहिला असता तर हा घोळ झाला नसता.

यावर नेहमीचा आक्षेप असा की प्रत्येक पंपावर कट वेगळ्या पातळीला होतो, मग ही पद्धत तरी अचूक कशी? एका टाकीपुरता आक्षेप बरोबर आहे. ३५ लिटरमध्ये एक लिटर इकडेतिकडे झाला तर जवळपास तीन टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून एका टाकीच्या आकड्यावर गाडीची परीक्षा करू नये. पण संपूर्ण प्रवासाचा हिशेब करताना मधल्या चुका एकमेकींना खोडून काढतात. मोजायचा तो पहिल्या आणि शेवटच्या फुल टाकीच्या पातळीतला फरक, बस. ३५० लिटरच्या प्रवासात तोच एक लिटर ०.३ टक्क्यांवर येतो.

आता "एकूण पैसे भागिले किलोमीटर". यातून दर किलोमीटरचा खर्च मिळतो, हे खरं. पण तो का वाढला हे त्यातून कधीच कळत नाही. लांबच्या रस्त्यावर इंधनाचे दर जागोजागी वेगळे असतात. खर्च वाढला तो दरामुळे, की छतावरच्या सामानामुळे, की तुम्ही वेग वाढवला म्हणून? नुसते पैसे लिहिले असतील तर उत्तर नाही. लिटर लिहिले असतील तर आहे. पैसे तर पावतीवर आणि मोबाइलमध्ये सापडतातच. ओडोमीटरचं रीडिंग मात्र पंपावरून निघाल्यावर परत मिळत नाही.

इथेच आणखी एक गफलत होते, आणि ती हिशेब ठेवणारेही करतात. जाताना सपाट रस्त्यावर ३६० किमीला १८ चं ॲव्हरेज मिळालं, पुढे घाटात ३६० किमीला १२ चं. सरासरी किती? पटकन तोंडात येतं १५. पण पहिल्या टप्प्यात २० लिटर गेले, दुसऱ्यात ३०. ७२० किमीला ५० लिटर, म्हणजे १४.४. ॲव्हरेजची सरासरी काढायची नसते, किलोमीटरची बेरीज करायची, लिटरची बेरीज करायची आणि मग भागायचं. ३,६०० किमीच्या प्रवासात एवढ्याशा फरकाने बजेट दहा लिटरने चुकतं.

ओडोमीटरबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतराला चाक जास्त फिरतं आणि मीटर जास्त किलोमीटर दाखवतो. नव्या टायरची सहा मिलिमीटर नक्षी झिजली तर साधारण कारमध्ये हा फरक दोन टक्क्यांच्या आसपास जातो. जुन्या टायरवर "गाडी अजूनही मस्त ॲव्हरेज देते" असं वाटण्यात याचाही वाटा असतो. मोकळ्या रस्त्यावर जीपीएसच्या अंतराशी एकदा ताडून पाहिलं की पुरतं.

कंपनीच्या आकड्यातून सरसकट दहा टक्के वजा करा, या सल्ल्याला काहीच आधार नाही. कंपनीचा आकडा चाचणीतून येतो. अनेक देशांत २०१७ पासून आलेल्या डब्ल्यूएलटीपी या चाचणीत गाडी प्रयोगशाळेत रोलरवर अर्धा तास चालते, अंतर सुमारे २३ किमी, सरासरी वेग ताशी ४६ च्या आसपास, एसी बंद. तुमच्या गाडीत पाच माणसं, डिकी गच्च आणि वर कॅरियर. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार छतावर मोठा बोजड बॉक्स लावून ताशी १०५ ते १२० च्या वेगाने गेलं तर एवढ्या एका गोष्टीने ॲव्हरेज १० ते २५ टक्के घटतं. तोच बॉक्स गाडीच्या मागे लावला तर महामार्गावर घट १ ते ५ टक्केच. याउलट एकसारख्या मध्यम वेगाने, छत मोकळं ठेवून जाणाऱ्याला कंपनीच्या आकड्याइतकं, क्वचित जास्तही मिळू शकतं. प्रत्येक कुटुंबाचा प्रवास वेगळा, वजावट एकच कशी चालेल? स्वतःच्या मागच्या प्रवासाची चार ओळींची नोंद त्याहून खूप भरवशाची.

बचतीच्या युक्त्यांपैकी पहाटेची युक्ती लवकर निकालात निघते. तिच्यामागचा समज असा की पहाटेच्या थंडीत पेट्रोल आकसलेलं असतं, म्हणून त्याच लिटरमध्ये जास्त मिळतं. पेट्रोल तापमानाच्या एका अंशाला साधारण ०.१ टक्का प्रसरण पावतं. पंपाच्या टाक्या बहुधा जमिनीखाली असतात, तिथलं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. एक अंशाचा फरक धरला तरी ४० लिटरमागे चाळीस मिलिलिटर. त्यासाठी मुलांची झोपमोड करू नका.

न्यूट्रलचा सल्ला मात्र कृपा करून कोणालाही पाठवू नका. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की, गाडीला पुरेसा वेग असेल तर, संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलला टाकलंत की इंजिन चालू ठेवायला पुन्हा इंधन लागतं. म्हणजे लांब उतारावर बचत तर होत नाहीच, शिवाय इंजिन ब्रेकिंग, म्हणजे गिअरमधलं इंजिन गाडीचा वेग रोखतं ते, जातं आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. लांब घाटात ब्रेक तापून पकड सुटते ती अशीच. मागे मुलं आणि म्हातारी माणसं बसलेली असताना हा खेळ करायचा नसतो.

एसीला इंधन लागतं, हे बरोबर. कमी वेगात काचा उघडणं स्वस्त पडतं. वेग वाढला की उघड्या काचांमुळे हवेचा अडथळा वाढतो आणि फायदा आटत जातो. खरी बचत वेगात आहे: ताशी ८० वरून १०० वर गेलात की हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो. एसी बंद करून उकाड्यात ११० ने पळण्यापेक्षा एसी लावून ९० ने जावं.

राहिली मजा. नोंद करायला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि ती चालवणाऱ्याने करायचीच नसते. रीडिंग वाचून दाखवायचं काम मागच्या सीटवरच्या मुलांना द्या, ती भांडून करतात. मला वाटतं मजा खरी जाते ती घरी परतल्यावर, दोन कुटुंबं एका गाडीतून गेलेली असतात आणि कोणी किती वेळा टाकी भरली हे कोणालाच नीट आठवत नाही तेव्हा. एक जण म्हणतो मी तीनदा दिले, दुसऱ्याला त्यातली एक अर्धी टाकी वाटते. मोठ्या भावाशी पैशांवरून बोलायचं कसं म्हणून धाकटा गप्प बसतो आणि ते मनात राहतं. वहीत तारीख, रीडिंग, लिटर, रक्कम, फुल की अर्धवट, आणि 'कोणी दिले' असे रकाने असले की हा विषय पाच मिनिटांत मिटतो. गाडी ज्याची आहे त्याची टाकी निघताना भरलेली होती का, हेही पहिल्याच ओळीत लिहा. ती टाकी हिशेबात धरायची राहून जाते आणि त्याच्यावर अन्याय होतो.

आणि परत आल्यावर गाडी लावण्याआधी पंपावर जाऊन टाकी पहिल्या कटपर्यंत भरा. थकव्यामुळे हे उद्यावर ढकललं जातं, उद्या गाडी ऑफिसला जाते, आणि शेवटच्या टप्प्याचे लिटर कोणाच्याच नावावर लागत नाहीत.