शेवटचे 3 दिवस

लग्नांचे मुहूर्त संपले की मंगल कार्यालयांत गालिच्यांचे मुहूर्त निघतात. दारावर फ्लेक्स: ‘क्लिअरन्स सेल, 70 टक्के सूट, शेवटचे 3 दिवस’. हे 3 दिवस मारुतीच्या शेपटीसारखे लांबतात हे माहीत असूनही माझ्यासारखे आत शिरतातच.

आत आधी चहा येतो. तो घेतला की कारभार आटोपला. दोन पोरं एकावर एक गालिचे अंथरत सुटतात आणि पंधराव्याला आपल्यालाच ओशाळं वाटतं. भिडस्ताने इथे बसूच नये.

‘पैसा मत देखिए साहब, काम देखिए!’ अगदी खरं. पण काम दिसतं पाठीवर. कोपरा उलटा करावा. मागे कापड चिकटवलेलं असेल तर माल बहुधा टफ्टेड: लोकर टोचून मागून लॅटेक्स फासलेलं. काही वर्षांनी ते सुकतं आणि फरशीवर पिठासारखं सांडतं. हाताने गाठी मारलेल्या गालिच्याच्या पाठीवरही नक्षी स्वच्छ उमटते, आणि त्याची झालर म्हणजे ताण्याचीच (विणीतल्या उभ्या धाग्यांचीच) टोकं. वरून शिवलेली नव्हे.

मग पट्टी लावून गाठी मोजाव्यात. इंचात आडव्या 16, उभ्या 16, म्हणजे चौरस इंचाला 256. सहा बाय चारच्या गालिच्यात 8,84,736. दिवसाला 8,000 धरल्या तरी एका कारागिराचे 110 दिवस. आणि इथे चहा निवायच्या आत 90,000 चे 27,000 होतात, ‘सिर्फ आपके लिए’ 24,300! टक्के विसरा, चौरस फुटाचा भाव काढा: साधारण हजार रुपये. हा हिशेब मोठ्याने केला की विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहा विचारतो.

‘प्युअर सिल्क’वर तो लायटरही पेटवतो. झालरीचा धागा जाळून काही कळत नाही. ती बहुधा सुतीच असते. वरचे चार तंतू जाळायला सांगावेत. जळक्या केसांचा वास आला तर रेशीम (लोकरही असाच वास देते म्हणा), जळक्या कागदाचा आला तर व्हिस्कोस, म्हणजे नकली रेशीम. त्यावर पाणी सांडलं की पिवळट डाग पडतो आणि सहसा मुक्कामालाच राहतो. ‘काश्मिरी’ म्हणाला तर क्यूआर कोडची जीआय (भौगोलिक मानांकनाची) चिठ्ठी मागावी. ती 2022 पासून निघाली आहे.

उंच छताच्या हॉलमध्ये सहा बाय चारचा गालिचा बसकराएवढा दिसतो, म्हणून माप घरूनच न्यावं. फरशीवर खडूने चौकट आखावी, सोफ्याचे पुढचे पाय आत येतात का बघावं, दार अडतं का तेही. आखायचं राहिलं असेल तर निवांत घरी जाऊन आखा. शेवटचे 3 दिवस अजून बरेच दिवस आहेत.