काय लिहून राहिले सर सध्या?

लेखक व्हायचंय तुम्हाला? व्हा ना भाऊ, कोण अडवून राहिलं. फक्त लिहायच्या भानगडीत जास्त पडू नका, थेट लिहायला शिकवा. मी उलट्या बाजूने गेलो, आधी लिहिलं मग शिकवायला लागलो, त्यात माझी नऊ-दहा वर्षं फुकट गेली.

साधा हिशोब करू. पुस्तकाच्या 500 प्रती, किंमत 250, रॉयल्टी 10 टक्के, म्हणजे शेवटची प्रत विकल्या गेली तरी तुमच्या हातात 12,500. आणि शेवटची प्रत काही विकल्या जात नसते, ती गोडाऊनमध्ये बाकीच्या चारशे बहिणींसोबत सुखात राहते. आता रविवारची बॅच घ्या. धरमपेठेत मित्राच्या फ्लॅटचा हॉल, बारा माणसं, आठ रविवार, माणशी दोन हजार, झाले 24,000 आणि तेही ॲडव्हान्स, यूपीआयने. कादंबरीला तीन वर्षं लागतात, बॅचच्या पोस्टरला वीस मिनिटं. पोस्टरवर 'लेखनतज्ज्ञ' लिहा, 'साहित्यिक' लिहू नका, साहित्यिक म्हटलं की लोकांना फी द्यावीशी वाटत नाही, शाल द्यावीशी वाटते.

आणि शाल नागपुरात मे महिन्यात पण देतात बरं का. बाहेर पारा 45 वर, हॉलचे पंखे गरम हवा फेकून राहिले, अन् तुम्ही खांद्यावर लोकरी शाल, हातात नारळ घेऊन फोटोसाठी हसून राहिले. जाण्यायेण्याचे ऑटोचे पैसे मागू नका, मागितले की दुसऱ्या दिवशी गावभर होते, 'सर आता कमर्शियल झाले.' माझ्याकडे सतरा शाली जमल्या. वाया नाही गेल्या, दिवाळीनंतर कूलर झाकायला फार कामी येतात.

लोक म्हणतील, शिकवणारे लेखक तर या शहरात आधीपासून आहेत, ग्रेस मराठी शिकवायचे, एलकुंचवार इंग्रजी शिकवायचे, दोघांनाही साहित्य अकादमी मिळाला. बरोबर आहे. पण ते कॉलेजात साहित्य शिकवत होते, महिन्याच्या महिन्याला पगार होता, 'आठ रविवारात कथाकार व्हा' असं बोर्डावर लिहून कोणी बसलं नव्हतं. ती कल्पना आपली.

पहिल्या रविवारी एक जण हमखास विचारेल, सर, माझी कल्पना कोणी चोरली तर? त्याने अजून एक ओळ लिहिलेली नसते पण चोराची भीती पक्की असते. त्याला गंभीर चेहरा करून सांगा की कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या शब्दात मांडली त्या शब्दांवर असतो. पुढे 1957 चा कायदा सांगा, हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात, करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, आणि लेखक गेल्यावर 60 वर्षं हक्क वारसांकडे राहतो. वर्ग एकदम खूश होतो. तुमच्या स्वतःच्या पहिल्या पुस्तकाचा करार शंकरनगरात तर्री पोह्याच्या ठेल्यावर 'होऊन जाईल सर, टेन्शन नका घेऊ' एवढ्या एका वाक्यात झाला होता, हे सांगायची काही गरज नाही.

दुसऱ्या रविवारी शिस्त. रोज पहाटे पाचला उठायचं, दोन पानं लिहायची, मूड-बिड काही नसतो. हे खणखणीत आवाजात सांगायचं, कारण पहाटे पाचला तुम्ही बारा जणांच्या कथा तपासत बसलेले असता, अन् त्यातल्या नऊ कथांत शेवटी कळते की ते सगळं स्वप्न होतं. तुमची कादंबरी चौथ्या प्रकरणावर 2019 पासून उभी आहे, नायक गोकुळपेठेच्या बाजारात पालक घ्यायला गेला तो अजून परत आलेला नाही. ठेल्यावर, लिफ्टमध्ये, तेरवीच्या पंगतीतसुद्धा कोणी ना कोणी विचारतेच, 'काय लिहून राहिले सर सध्या?' त्याला सांगायचं, एका मोठ्या कामात आहो. खोटं नाही ते, कामच तेवढं मोठं आहे.

दिवाळी अंकाचं थोडक्यात सांगतो. 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठी लेखकाचं वर्ष दिवाळीवर चालते. कथा जुलैत मागतात, अंक दिवाळीत येतो, मानधन होळीपर्यंत आलं तर आलं. संपादकाला आठवण करू नका, विद्यार्थ्याची फी थकली तर मात्र लगेच मेसेज टाका.

आता खरी कला, ती म्हणजे फीडबॅक. माझ्या बॅचला महालातल्या एक काकू होत्या, शाळेतून रिटायर झालेल्या, दोनशे पानी वही, समास आखलेला. त्यांनी सासूबाईंवर लिहून आणलं. सगळं असंच होतं, साधंसुधं, पण मधे एक वाक्य होतं : 'त्या गेल्या त्या दुपारी त्यांच्या खोलीतला कूलर कोणी बंद केला नाही, तेरवीपर्यंत तो चालूच होता.' मी लाल पेन काढला, कूलरखाली रेघ मारली आणि लिहिलं, 'अनावश्यक तपशील. भावना येऊ द्या.' पुढच्या रविवारी काकूंनी भावना आणली, 'माझे मन विषण्ण झाले.' मी शाब्बास म्हटलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चांगलं वाक्य दिसलं की ते असं लगेच दुरुस्त करायचं, नाहीतर विद्यार्थी म्हणेल मला येतेच, मग फी कशाची?

त्या रात्री झोप नाही आली. आमचा कूलर घर्रघर्र करून राहिला होता आणि डोक्यात तेच वाक्य. अशा वेळी पाणी प्यायचं, पंप चेक करायचा, झोपून जायचं, लॅपटॉप उघडायचा नाही. हे तुम्हाला सांगतो, मी उघडला.

दहा मिनिटं लिहा म्हणून वर्गाला सांगितलं की ती दहा मिनिटं तुमची असतात, मी त्या वेळात बादली घेऊन कूलरमध्ये पाणी टाकतो. कधीतरी कोणी म्हणते, सर आज तुम्ही वाचा ना तुमचं काही. त्यासाठी एक प्रकरण ठेवणीतलं असू द्या, दर बॅचला तेच चालते, श्रोते नवे असतात. म्हणूनच जुन्या विद्यार्थ्यांना अर्ध्या फीत परत बसू देऊ नका, कितीही गोड बोलले तरी. मी या एप्रिलमध्ये दिलं बसू. तिसऱ्या रविवारी चौथं प्रकरण वाचलं, नायकाची आई जाते ते, आवाज जरा खाली आणून, जिथे थांबायचं तिथे थांबून. वर्ग चिडीचूप. काकू पहिल्या रांगेत, वही मांडीवर, पेनचं टोपण लावून राहिल्या होत्या.

"छान झालं सर," त्या म्हणाल्या. "मागच्या उन्हाळ्यात वाचलं होतं तुम्ही, तेव्हा यात कूलर नव्हता."