मूल बोलत नाही म्हणून मराठी बंद करू नका

पहिलीपासूनच्या हिंदीवरून २०२५ मध्ये महाराष्ट्रात रान पेटलं आणि २९ जूनला सरकारने आदेश मागे घेतले. लहान मुलांवर भाषांचा बोजा नको, हा मुद्दा सहा वर्षांच्या मुलाच्या वह्या-पुस्तकांपुरता ठीक होता. अमेरिकेतल्या मराठी घरांत मात्र तोच दोन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला लावतात: ‘दोन भाषांनी गोंधळलंय, घरात इंग्रजीच बोला.’ हे साफ चूक. दोन भाषांमुळे भाषाविलंब होत नाही. ज्याला तो असतो, त्याच्या दोन्ही भाषा मागे पडतात.

आधी शब्द मोजा, दोन्ही भाषांतले. २४ महिन्यांना ५०पेक्षा कमी शब्द, किंवा दोन शब्दांची जोडणीच नाही, तर तपासणी करावी. ‘पाणी’ आणि ‘वॉटर’ दोन्ही धरा. ‘भूभू’, ‘मम्मं’ हेही शब्दच. उच्चार बोबडा चालेल, अर्थ दर वेळी तोच हवा. ‘काय झालं’सारखं अख्खं पाठ झालेलं जोडणीत धरू नका, ‘बाबा गेला’, ‘अजून दूध’ धरा. सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) २०२२च्या वाढीच्या टप्प्यांच्या यादीत ५० शब्द ३० महिन्यांवर आहेत, पण ती निदान तीन-चतुर्थांश मुलं जे गाठतात त्यावर बेतलेली आहे. तिथवर थांबण्यात अर्थ नाही.

शब्दांहून समज महत्त्वाची. बोट न दाखवता, बुटांकडे न बघता ‘बूट आण’ म्हणून पाहा. मुलं आपली नजर टिपतात आणि घरच्यांना वाटतं, सगळं कळतंय. समज कमी, बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही किंवा आलेले शब्द गेले, तर दोन वर्षं पूर्ण व्हायचीही वाट पाहू नका. कान तपासायचेच. जन्मताच झालेल्या चाचणीतून नंतर कानाच्या पडद्यामागे साठलेलं पाणी कळत नाही. (जिभेखालचा पडदा कापून शब्द वाढत नाहीत, तेही सांगून टाकतो.)

‘याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला,’ हे आजीचं म्हणणं निराधार नाही; उशिरा बोलणारी बरीच मुलं शाळेपर्यंत बरोबरीला येतात. पण कोणतं येईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही, आणि घराण्यातला उशीर ही जोखमीची खूण आहे.

अमेरिकेत ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ला, म्हणजे वाढीत मागे असलेल्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या सरकारी सेवेला, पालक स्वतः फोन करू शकतात, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. मूल्यमापन मोफत असतं आणि मूल पात्र ठरल्यास मदतीची आखणी करणारी पहिली बैठक फोन केल्यापासून ४५ दिवसांत व्हावी लागते. शक्य असेल तिथे मूल्यमापन मुलाच्या घरच्या भाषेतून करायचं, असा नियमच आहे. म्हणून मराठी दुभाषी पहिल्याच फोनवर मागा, नाहीतर निम्मे शब्द मोजायचेच राहतात. तिसऱ्या वाढदिवसाला ४५ दिवसही उरले नसतील, तर मूल्यमापनाचं बंधन त्यांच्यावर राहत नाही. पुढे शाळा-जिल्ह्याकडे (‘स्कूल डिस्ट्रिक्ट’, तिथल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा) जावं लागतं. ‘आजोळी सहा महिने राहिलं की बोलेल’ या सल्ल्यात नेमकी हीच मुदत जाते.

आजोळी गेलातच, तर तिथेही थांबू नका. मुलांच्या तपासणीसाठी सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची जिल्हा केंद्रं आहेत, मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. अहवालात मराठी आणि इंग्रजी शब्द वेगवेगळे लिहून मागा.