फिट थांबली तरी मूडकडं लक्ष ठेवा

फिटच्या (मिरगीच्या) गोळ्या बंद करण्यावरच्या तुमच्या लेखात, दोन वर्षं फिट आली नाही की डॉक्टर त्या हळूहळू कमी करायचा विचार करतात, हे बरोबर लिहिलंय, पण मूडचं काहीच आलं नाही म्हणून लिहितोय. आमच्या शाहूपुरीतल्या मावसभावानं व्हॅल्प्रोएट ही फिटची गोळी परस्पर बंद केली, फिट येत न्हाई मग कशाला खायची म्हणून, आणि पोरगं पार बदललं, रात्रभर जागं, मावशीनं जेवायला वाढलं की ताट ढकलून द्यायचं. घरातले म्हणाले बाहेरचं काहीतरी झालंय! अहो व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ह्याच फिटच्या गोळ्या बायपोलरमध्ये (मूड टोकाचा वरखाली होण्याच्या आजारात) मूड स्थिर ठेवायला पण देतात, मग त्या एकदम तोडल्या की चिडचिड, उदासी उफाळू शकते. क्लोबाझाम नि फिनोबार्बिटोन ह्या फिटच्या गोळ्या अचानक बंद करणं तर लई धोक्याचं, झोप उडते, जीव घाबरा होतो, फिटवर फिट येऊ शकते. उलट लेव्हेटिरासिटाम ह्या फिटच्याच गोळीनं काहींची चिडचिड वाढते, डॉक्टरांनी ती बदलली की माणूस निवळतो, त्यामुळं सगळ्यांना एकच हिशेब लावू नका. डोस कमी होत असताना घरच्यांनी झोप, बोलणं रोज बघा, आणि मरायची भाषा निघाली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.