कडबा वर कसा जातो

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी गावाला न जाण्याचं सबळ कारण मला आजवर सुचलेलं नाही. बहिणी माहेराला आलेल्या असतात, खापरावरच्या पुरणपोळ्या असतात, आमरसाचं पातेलं असतं. नाशिकहून सकाळी निघालं की दुपारी माणूस पानावर. एवढं सगळं असताना "सुट्टी नाही" म्हणणाऱ्याला घरचे लोक नीट ओळखून असतात.

अडचण एवढीच की आमचा कडबाही नेमका याच दिवसांत माळ्यावर चढतो. त्याला कारण आहे. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल आखाजी ते आखाजी. जुन्या सालदाराचं साल संपत आलेलं, त्यामुळे त्याचं लक्ष हिशोबात. नव्याशी बोलणी झालेली, पण तो सणानंतर येणार. म्हणजे वर्षातले हे मोजके दिवस असे, की कडबा आहे, माळा आहे, आकाशात अवकाळीचे ढग आहेत, आणि दोन्ही सालदार नाहीत. या फटीत नोकरदार पुतण्या अगदी नेमका बसतो.

आम्ही दादर पेरतो. रब्बीची ही ज्वारी भाकरीला जेवढी गोड, तेवढीच कडब्याला उंच. ताट माणसाच्या डोक्यावरून जातं. कणसं खुडली की उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधायच्या, पाच पेंढ्यांचा पाचुंदा, आणि सगळा हिशोब शेकड्यावर. बाहेर गंजी रचली तरी चालतं, शेजारचे रचतातच. पण एका वर्षी अवकाळीत आमची गंजी भिजली, आतून काळी पडली, बुरशी धरली. गाईने तोंड लावलं नाही, आणि आप्पांनी (माझे थोरले काका) ते मनाला लावून घेतलं. तेव्हापासून कडबा खळ्यातल्या शेडमध्ये, माळ्यावर.

जुनी पद्धत साधी होती. गाडीत एक माणूस, शिडीवर एक, माळ्याच्या खिडकीत एक आणि आत रचायला एक. पहिल्या तिघांना वारा लागतो. चौथा मी. आत डोक्यावर हाताच्या अंतरावर पत्रा. भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की वर्तमानपत्रांत तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांचे फोटो येतात; ते सगळे सावलीत उभे असतात. आमच्या पत्र्याखाली उडदाचा पापड ठेवला तर तेलाशिवाय फुगेल. त्यात कडब्याचं भुसकट. ते घामावर चिकटतं, कॉलरमधून आत शिरतं आणि रात्री अंथरुणात पुन्हा भेटतं. पानांच्या कडा हाताला बारीक चिरत जातात. ते कळतं आंघोळीच्या वेळी, साबण लागल्यावर.

तर गेल्या आखाजीला जिभाऊने मोबाईल काढला. जिभाऊ म्हणजे आप्पांचा मोठा मुलगा. यंत्राचा व्हिडिओ पाहिला की ते आपल्याला घरी बनवता येईल, असं त्याला आतून वाटतं. व्हिडिओत अमेरिकेतलं एक जुनं, उंचच उंच लाकडी कोठार होतं. आढ्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत रूळ, रुळावर चाकांची छोटी ट्रॉली, ट्रॉलीतून लोंबणारा दोर आणि दोराला एक भलाथोरला काटा. खाली गवताने भरलेली गाडी. काटा गवतात खुपसायचा. दोर कप्प्यांवरून फिरून कोठाराबाहेर, थेट घोड्याला. घोडा चालू लागला की गवताचा भारा सरळ वर. वर पोचला की ट्रॉलीची अडकण आपोआप सुटते आणि ट्रॉली रुळावरून आत धावते. हव्या त्या जागी खालून बारीक दोरीला हिसका द्यायचा. काटा उघडतो, गवत खाली. घोडा परत, ट्रॉली परत.

आप्पांनी चष्मा लावून ते पाहिलं. "ही तं मोट शे," म्हणाले.

बरोबरच होतं. मोटेचे बैल धावेवरून खाली चालायचे, नाडा चाकावरून ओढला जायचा, मोट वर यायची. इथे पाण्याच्या जागी गवत आणि बैलाच्या जागी घोडा. आप्पांनी लहानपणी मोट हाकलेली. त्यामुळे हे यंत्र अमेरिकेचं असलं तरी त्यातला जाणकार आपल्या घरातच आहे, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

मीही जरा वाचलं. वाचणं हे माळ्यावर चढण्यापेक्षा बरं. आयोवा राज्यातल्या फेअरफील्ड गावच्या विल्यम लाऊडन नावाच्या माणसाने १८६७ साली या गवताच्या ट्रॉलीचं पेटंट घेतलं. हा लाऊडन प्रकृतीने नाजूक, शेतातलं जड काम त्याला झेपत नसे. ज्याला काम झेपत नाही तोच यंत्र काढतो, हे मला फार पटलं. आमच्या घरात मात्र काम न झेपणारा मी आणि यंत्र काढणारा जिभाऊ, अशी विभागणी झाली, आणि सगळा घोटाळा तिथेच होता.

काटा आमच्या कामाचा नाही, हे आप्पांनी लगेच सांगितलं. तिकडचं गवत मोकळं, त्यात काटा रुततो. आपली पेंढी बांधलेली. खुपसला तर बंध तुटायचा. पण त्या लोकांनी याचीही सोय केली होती: गाडी भरण्याआधी तळाशी दोरांची झोळी अंथरायची, वर माल भरायचा आणि झोळीच उचलायची. झोळी आपल्याला येते. दोर कमी पडला तेव्हा जिभाऊने लिंबाला बांधलेल्या झोक्याचा दोर सोडला. आखाजीला माहेरी आलेल्या बहिणींच्या झोक्याचा दोर सोडणं म्हणजे काय, हे खान्देशाबाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. धाकटी बहीण दिवसभर त्याच्याशी बोलली नाही, आणि संध्याकाळी बोलली ते इथे लिहिता येत नाही.

रूळ गावच्या वेल्डिंगवाल्याने बसवला. सरकत्या गेटच्या चाकांची ट्रॉली, चॅनलचा रूळ, तोही खिडकीबाहेर चार हात पुढे काढलेला, म्हणजे गाडी बरोबर त्याखाली उभी राहील. अडकणीसाठी वाकवलेली सळई आणि सायकलच्या स्टँडची स्प्रिंग. मी विचारलं, "पेलेल का?" तो म्हणाला, "भाऊ, पत्रा उडी पण चॅनल हालाव नही." यातला पत्रा उडण्याचा भाग कुणाला खटकला नाही.

"आते तुले काही करानं नही," आप्पा मला म्हणाले. "फक्त वर उभं ऱ्हावानं."

पहिली झोळी बैलाने ओढायची ठरली. आमचा ढवळ्या गुणी आहे, पण मोटा बंद पडल्यावर काही दशकांनी जन्मलेला. तो चालला, नीट चालला; दोर ताठ झाला, झोळी गाडीतून उचलली गेली, बहिणी टाळ्या वाजवायला पुढे आल्या. तेवढ्यात ढवळ्याने मागे वळून पाहिलं. त्याला दिसलं की आपण जसजसे पुढे जातो, तसतसा आपला कडबा आभाळात जातोय. तो थांबला. मग वळला आणि शांतपणे कडब्याकडे चालत आला. झोळी तेवढ्याच शांतपणे खाली आली, थेट त्याच्या तोंडासमोर. आप्पांनी "हां, हां" म्हणत त्याला फिरवलं. तो पुन्हा जायचा, पुन्हा यायचा. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने त्याचं काही चुकलं नाही. एका स्थिर कप्पीने ओझं हलकं होत नाही, फक्त ओढायची दिशा बदलते. आणि दिशा त्याच्या लक्षात आली होती.

मग मोटरसायकल. जिभाऊने दोर मागच्या कॅरिअरला बांधला, पहिला गिअर टाकला. मी माळ्याच्या खिडकीत होतो, त्यामुळे पुढचं अगदी जवळून पाहिलं. झोळी खिडकीशी आली ती थांबण्याच्या बेताने आलीच नाही. अडकणीवर आदळली, स्प्रिंग उडून कुठेतरी गेली (ती अजून सापडलेली नाही), आणि चाळीसेक पेंढ्यांची ती झोळी ट्रॉलीसकट माझ्या दिशेने आत धावली. मी आडवा झालो. ती डोक्यावरून गेली, मागच्या भिंतीला धडकली आणि सगळा पत्रा थरथरला. खाली लोक आनंदाने ओरडत होते.

खरा प्रकार यानंतरचा. गवत मोकळं असतं. ते पडलं तिथे पडलं, काट्याने पसरून दिलं की झालं. कडब्याचं तसं नाही. पेंढी रचावी लागते. बुडखे एका बाजूला, शेंडे एका बाजूला, एका थरावर दुसरा थर दाबून, नाहीतर दोन हात उंचीवर सगळी रास घसरते. हातोहात यायच्या तेव्हा प्रत्येक पेंढी सरळ, बुडखा पुढे करून हातात यायची. झोळीतून पडल्या त्या दाही दिशांना तोंड करून. त्या एकेक उपसून, फिरवून, जागी लावेपर्यंत खाली पुढची झोळी तयार. पूर्वी शिडीवरचा माणूस दमायचा, पाणी प्यायचा, बिडी ओढायचा, आणि तेवढ्यात वरच्याला श्वास मिळायचा. मोटरसायकल बिडी ओढत नाही.

मी ओरडलो, "थांब!" इंजिनच्या आवाजात जिभाऊला काय ऐकू गेलं ते तोच जाणे, त्याने वेग वाढवला. पुढची झोळी माझ्यावरच सुटली, कारण हिसक्याची दोरी भाच्याच्या हातात होती आणि त्याला ती ओढायला आवडत होती. पेंढ्या जड नसतात तशा, पण एकदम आल्या की माणूस बसतो. आतून अंधार, भुसकट आणि दादरचा गोडसर वास. बाहेरून आप्पांचा आवाज आला, "कोठे गया हाऊ?" कुणीतरी म्हणालं, पाणी प्यायला उतरला असेल. आणि काम खोळंबायला नको म्हणून त्यांनी आणखी एक झोळी पाठवली.

मग कळलं की अमेरिकेतही हेच होतं. त्या कोठारांच्या वर्णनांत घोड्याचं कौतुक असतं, घोडा धरणाऱ्या पोराचंही असतं. पण वर छपराखाली गवत पसरणारा माणूस उकाड्याने आणि धुळीने सगळ्यात जास्त हैराण व्हायचा. ट्रॉलीने गाडी लवकर रिकामी व्हायला लागली, म्हणजे त्याच्या अंगावर गवत लवकर यायला लागलं. लाऊडनने उचलणाऱ्याचे कष्ट वाचवले. वरच्याने पेटंट घेतलं नाही, त्याला वेळच मिळाला नसणार.

पुढे तिकडे गासड्या आल्या, त्या वर नेणारे सरकते पट्टे आले, आणि मग शेकडो किलोच्या गोल गासड्या ट्रॅक्टरने उचलून बाहेरच ठेवायला लागले. ओला चारा कोंडून ठेवला तर आतून तापतो, कधी पेटही घेतो. त्यामुळे कोठारांना हवेची धुराडी ठेवलेली असत. हे मी जेवताना सांगितलं. आपल्या शेडला पण धुराडं पाडू, जिभाऊ म्हणाला. वेल्डिंगवाल्याला फोन लावण्याआधी काकूंनी त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकली, तेवढ्यावर वाचलं.

शेजारच्यांनी कडबा कुट्टीचं मशीन घेतलंय. मोटर सुरू केली की पेंढी आत, बारीक तुकडे बाहेर, पोत्यात भरले की झालं. वाया कमी जातं, जनावरं बुडखेसुद्धा खातात, माळ्याची गरज नाही. मी आप्पांना ते दाखवायला नेलं. त्यांनी मूठभर कुट्टी हातात घेऊन पाहिली, गाईला विचारल्यासारखं गाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "चांगलं शे. पण आपला रूळ वाया जाई ना मंग."

यंदा फेब्रुवारीतच त्यांचा फोन आला. गावात विहिरीचं काम चाललंय, त्या लोकांची यारी आहे. दगडाच्या बादल्या वर काढणारी, इंजिनवर चालणारी. मालकाशी बोलणं झालंय, आखाजीच्या आधी दोन दिवस यारी आपल्या खळ्यात येईल. बैल नको, मोटरसायकल नको, एका वेळी अर्धी गाडी वर. मी म्हटलं, आप्पा, आणि आत रचायला?

"तू येशीच ना," ते म्हणाले. "तुले तं आते अनुभव शे."