नेवरीला स्थळ नको, धन्यवाद

आज सकाळी पोदेर (पाववाला) यायच्याही आधी व्हॉट्सॲपवर मेसेज. "वहिनी, तुमच्या नेवरीला स्थळ आलंय! मडगावचा बोका, पांढराशुभ्र, डोळे निळे. पिल्लं अर्धी तुमची, अर्धी आमची." पुढे हसऱ्या तोंडांची रांग. मी थट्टा समजून सोडून दिलं. दुपारी गृहस्थांचा फोनच आला. म्हणे, वंशावळीचे पेपर नाहीत तर नाहीत, इथे कोण पेपर विचारतो, डॉल फेस (बाहुलीसारखं तोंड) असला की पिल्लू दहा-पंधरा हजाराला आरामात जातं. तुमच्या चवथीच्या खर्चाची सोय होईल.

माझ्या चवथीच्या खर्चाची चिंता या माणसाला!

मी एकच विचारलं, बोक्याला ऐकू येतं का? कारण पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरेपण खूप आढळतं. त्यावर उत्तर काय, "मांजराला ऐकू येऊन करायचंय काय, वहिनी?" फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय ते लिहिल्याशिवाय उतरायचं नाही.

आमची नेवरी माहीत नसेल त्यांच्यासाठी: वास्कोतलं एक ओळखीचं कुटुंब बदली होऊन गेलं, त्यांनी ती आम्हाला दिली. घरात नेवऱ्या (करंज्या) तळणं चाललं होतं, म्हणून नाव नेवरी. सोबत लसीची वही, एक फणी आणि "प्युअर पर्शियन आहे हं" एवढं वाक्य. आई कोण, बाप कोण, कुणाला पत्ता नाही. दिसते पर्शियन, हे खरं. गोव्यात राहून बांगड्याकडे ढुंकून बघत नाही, सासूबाईंना कागद नसल्यापेक्षा याचंच दुःख जास्त.

कागद नसलेलं मांजर हलकं, असं मी मुळीच म्हणत नाहीये. मांडीवर येऊन झोपणाऱ्या मांजराला कागद कशाला? पण पिल्लं काढायची म्हटली की गोष्ट वेगळी. वंशावळ ही भिंतीवर लावायची वस्तू नाही. आई-बाप, आजी-आजोबा कोण आणि त्यांच्या तपासण्या झाल्या का, हे कुणाला तरी विचारता येण्याची ती वाट आहे. दोनशे मीटरचा प्लॉट घेताना एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा) दहा ठिकाणी दाखवून आणणारे आपण, आणि इथे मात्र "दिसतं ना पर्शियन, मग झालं"!

साखळी गावच्या माझ्या मावसबहिणीच्या प्रिन्सेस मांजरीबद्दल मागे मी थोडं लिहिलं होतं. आज पूर्ण सांगते. तीही अशीच, बिनकागदाची. बोका ओळखीच्यांच्या ओळखीतला. चार पिल्लं झाली, गुटगुटीत, आईला लुचत होती. फोटो आले, आम्ही सगळ्यांनी बदाम पाठवले. दुसऱ्या दिवशी एक थंड पडलं. संध्याकाळी दुसरं. तिसऱ्याला कापसाने पुसताना बहिणीला लघवीचा रंग दिसला, लालसर तपकिरी. रात्रीत तेही गेलं.

डॉक्टरांनी मग समजावलं. मांजरांतही रक्तगट असतात, मुख्यतः ए आणि बी. आई बी आणि बाप ए असला, तर ए गटाच्या पिल्लांना आईच्या चिकातूनच तिची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) जातात आणि ती पिल्लांचं रक्त फोडतात. म्हणजे जी जोरात लुचतात तीच आधी जातात. आपली गावठी मांजरं बहुतेक ए गटाची. बी गट पर्शियन, ब्रिटिश शॉर्टहेअर अशा जातींत जास्त सापडतो. आधी दोघांचे गट तपासले असते, किंवा निदान पहिला दिवस पिल्लं आईपासून बाजूला ठेवून वरचं दूध पाजलं असतं, तर वाचली असती. पण 'तुमचा बोका, आमची मांजर, रविवारी आणा' यात रक्तगट कोण काढतो?

चौथं जगलं. त्याच्या शेपटीचं टोक काळं पडत गेलं, वाळलं आणि एक दिवस गोधडीवर गळून पडलेलं सापडलं. काय करावं सुचेना म्हणून बहीण ते टोक कागदात गुंडाळून डॉक्टरांकडे घेऊन गेली. आणि त्याच आठवड्यात बोकेवाल्यांचा फोन: "आमची दोन कधी नेऊ?" तीन गेली म्हटल्यावर क्षणभर थांबून म्हणाले, "मग उरलेलं आमचंच ना?"

हे लिहितानाही हात थरथरतोय रागाने.

बरं, रक्तगट सोडा. पर्शियनांचा मूत्रपिंडाचा आजार, पीकेडी. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी धरतात आणि वर्षानुवर्षं वाढत जातात. आई-बापातल्या एकाकडून दोष आला तरी पुरतो, म्हणजे साधारण अर्ध्या पिल्लांना तो मिळतो. तपासण्या सुरू होण्याआधी कितीतरी देशांतल्या पाहण्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक पर्शियन त्यात सापडले होते. मांजर पाच-सात वर्षांचं होईपर्यंत बाहेरून काही कळत नाही. तोवर त्या बोक्याची 'स्थळं' सगळ्या गोव्यात होऊन गेलेली असतात. जनुकीय चाचणी आहे, सोनोग्राफीतही दिसतं. मडगावच्या बोक्याची झालीय का? मी विचारलंच नाही, ऐकू येतं का यावरच गाडी अडली होती.

आता कुणीतरी म्हणणार, नोंदणीवाले ब्रीडर काय संत आहेत? नाहीत. चपट्या नाकाचं खूळ प्रदर्शनांतूनच वाढलं, मान्य. पण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची एक रीत बघा: इंग्लंडच्या जीसीसीएफसारख्या मांजरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेत पाळण्यापुरतं दिलेलं पिल्लू 'पैदाशीसाठी नाही' अशा नोंदीने देता येतं, त्याच्या पुढच्या पिल्लांची नोंद होत नाही. आणि आपल्याकडे लोक मांजराला केसीआयचं सर्टिफिकेट मागतात. अहो, केनेल क्लब तो, कुत्र्यांचा! केंद्राने २०१७ मध्ये पैदाशीचे नियम काढले तेही नावासकट कुत्र्यांचे. मांजरं वाऱ्यावर. म्हणून तर जाहिराती, 'ट्रिपल कोट (दाट केसांचं), सेमी पंच (थोडं चपट्या तोंडाचं), लिटर ट्रेन्ड (ठरल्या जागी शी-शू करणारं), आजच बुक करा'. आईचं दूध सुटायच्या आत बुक करा!

सासूबाईंचं मात्र वेगळं आहे. त्यांना पैसे नकोत, फोटो नकोत. गेल्या माजाला नेवरी रात्र रात्र ओरडत फरशीवर लोळायची, तेव्हा त्या उठून तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायच्या. "अगो, एकदा तरी आई होऊ दे तिला, बाईच्या जातीला तेवढं सुख." त्यांच्यावर मी चिडू शकत नाही. मी एवढंच सांगितलं, आई, तिचं ते ओरडणं अंगातलं आहे, हौस नव्हे. बोका नाही मिळाला तर दोन-तीन आठवड्यांनी परत तेच, आणि असंच राहिलं तर गर्भाशयात पू व्हायची भीती, स्तनात गाठींची भीती. त्या काही बोलल्या नाहीत. मग थोड्या वेळाने विचारलं, "साखळीची ती, पिल्लं शोधायची का गो मागाहून?" शोधायची. कपाटाखाली, कपड्यांच्या टोपलीत, तोंडाने ती बारीक हाक मारत. सासूबाई उठून देवघरात गेल्या.

नवऱ्याला एक पिल्लू हवं होतं, अगदी नेवरीसारखं. मोह मलाही आहे, दगड नाही मी. पण नेवरीसारखं पिल्लू म्हणजे नेवरीसारखीच न माहीत असलेली किडनी आणि न माहीत असलेलं रक्त. गुरुवारी तिचं नसबंदीचं ऑपरेशन आहे. ठरलं. मडगावकरांनी बोका घरी सांभाळावा, आणि त्याचंही जमल्यास उरकून घ्यावं.

आणि ज्यांना खरंच पिल्लू हवंय त्यांनी फोंड्याच्या मासळी बाजारात जा. पेडवे घेऊन बसणाऱ्या मावशींच्या मागे तीन आहेत, एक काळं-पांढरं, दोन करडी. जून-जुलैच्या बंदीत त्यांच्या आईने पोट कसं भरलं तिलाच ठाऊक, पण पिल्लं टणक आहेत. कागद नाहीत, तरी बाप कोण ते सगळ्या बाजाराला माहीत आहे, बर्फाच्या पेटीवर बसतो तो एका कानाचा. लस मी करून देते, वयात आली की ऑपरेशनचा अर्धा खर्चही माझा. इनबॉक्स करा. डॉल फेस आहे का विचारलंत तर ब्लॉक.